बाबांचं पायाचं ड्रिल

बाबांनी पेटी धाकटीला दिली, हे थोरलीला कळलं तेव्हा ती एका पेशंटच्या दाढेत सिमेंट भरत होती. हात जराही हलला नाही. पण पेशंट गेल्यावर तिने चूळ भरायचा पेला असा आपटला की मदतनीस बाई दारातूनच मागे फिरली.

बाबा फौजेत दातांचे डॉक्टर होते आणि ही पेटी त्यांना त्यांच्या साहेबांकडून मिळालेली. खेचराच्या पाठीवर लादता येईल एवढी, कोपऱ्यांना पितळ मारलेली. आत खाचांमध्ये पकडी आणि आरसे, खालच्या कप्प्यात घडीचं ड्रिल. लोखंडी चाक, पाय मारायची पट्टी आणि चाकावरून वर दात कोरायच्या सुईपर्यंत जाणारी दोरी. वीज नसलेल्या तंबूत एकाने पाय मारायचा, दुसऱ्याने दात कोरायचा. बाबा कधी हौसेने घरी ते जोडत, तेव्हा पाय मारायची थोरली. धाकटी त्या वेळी रांगत होती.

पुढे दोघीही दातांच्याच डॉक्टर झाल्या. थोरलीने बाबांचा दवाखाना सांभाळला, त्यांची पथ्यं सांभाळली, हट्टही सांभाळले. धाकटी फौजेत गेली. ती सुट्टीवर आली की बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. रोज गरम वाढणारीचं मात्र कौतुक नाही. पिकतं तिथे विकत नाही, हे थोरलीला कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

पेटी फौजेची, ती फौजेत, म्हणून तिला दिली, एवढंच बाबा म्हणाले. थोरली बरं म्हणाली आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी फक्त औषधांपुरतं बोलली.

मग धाकटीचा फोन आला. तिच्या लष्करी दवाखान्यात जुन्या साहित्याचं प्रदर्शन होतं, आणि ती सगळ्यांसमोर ते ड्रिल चालवून दाखवणार होती. चालवताना काही विशेष बघावं लागतं का, तिने विचारलं. बघावं लागतं, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. चाकाला आधी हाताने पुढे रेटा द्यायचा, नाहीतर ते उलटं फिरतं आणि दोरी निसटते.

"काही नाही गं," थोरली म्हणाली. "पाय मारला की चालतं."

प्रदर्शनाला ती बाबांना घेऊन गेली. पहिल्या रांगेत बसली. धाकटी कडक गणवेशात पुढे आली, प्लास्टरचा जबडा टेबलावर ठेवला आणि पाय मारला. चाक उलटं गेलं, दोरी उडून तिच्या मनगटाला लागली. मागे खसखस पिकली. थोरलीला मनातून बरं वाटलं. तिने शेजारी पाहिलं, तर बाबा मंचाकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

दुसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा धाकटीने हसून माइक घेतला. "लहानपणी हे माझी ताई चालवायची. ताई, ये गं."

आता न जाऊन कुठे जाणार? थोरलीने दोरी चढवली, चाकाला रेटा दिला, पाय मारला. चाक घरघरलं. धाकटीने सुई टेकवली आणि प्लास्टरची पांढरी पूड उडाली. टाळ्या पडल्या. त्या गणवेशाला आहेत की आपल्याला, याचा हिशेब थोरली मान खाली घालून करत राहिली.

"सांगितलं का नाहीस?" धाकटीने हळूच विचारलं.

"विसरले."

"तू? आणि विसरलीस?"

थोरली दोरी गुंडाळू लागली. तेवढ्यात दवाखान्याचे मोठे साहेब आले. पेटी इथल्या संग्रहात कायमची ठेवता येईल का, असं त्यांनी विचारलं. धाकटीने बहिणीकडे पाहिलं.

"तुझी पेटी. तू ठरव," थोरली म्हणाली.

"मग देतेच. मला मिळाल्यापासून तू माझ्याशी धड बोलली नाहीस."

तिने साहेबांना होकार दिला. बाबांनीही मान डोलावली.

थोरलीला वाईट वाटायला हवं होतं. तिचं अर्धं लहानपण आता काचेच्या कपाटात जाणार होतं. पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. माझी नाही, तर तिचीही नाही. हे मनात आलं आणि त्याची लाज वाटली, तरी ते सुख काही कमी होईना.

परतताना धाकटीही सुट्टी घेऊन त्यांच्यासोबत निघाली. थोरली गाडी चालवत होती, बाबा तिच्या शेजारी. मागच्या सीटवरून धाकटीचा आवाज आला, की खालची एक दाढ ठणकते आहे, पण तिथल्या कुणाला दाखवायची हिंमत होत नाही.

"दातांची डॉक्टर ना तू?" बाबा म्हणाले.

"म्हणूनच तर भीती वाटते."

थोरलीने आरशातून तिच्याकडे पाहिलं. गाल खरंच जरा सुजला होता. इतका वेळ आपल्याला तो दिसला कसा नाही, याचं तिला नवल वाटलं.

"उद्या सकाळी दवाखान्यात ये," ती म्हणाली. "आणि रांगेत बसायचं हं. बहीण म्हणून आधी घेणार नाही."