मॅग्नेटची चावी

"दोरी वढली की उलटी मारते, मिस्त्री. अशी मारली, अंगठाच मोडला."

हिरासिंगने प्लास्टर घातलेला उजवा हात पुढे केला. त्याच्या बायकोने, पेमाने, झाडं कापायची मशीन डोक्यावरून रामकिशनच्या ओट्यावर उतरवली आणि ओढणीने तोंड पुसलं.

रामकिशनचं दुकान आखाडा बाळापूरच्या रस्त्याला होतं. फवारणीचे पंप, पाण्याची इंजिनं, कधीमधी अशी एखादी मशीन दुरुस्तीला यायची. मागच्याच खोलीत तो एकटा राहायचा. बायको यशोदाबाईला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलगी सुनिता नवऱ्यासोबत नाशिकला होती. ज्या दिवशी गिऱ्हाईक येत नसे त्या दिवशी त्याचं कुणाशी बोलणंही होत नसे.

"मधी कुणी खोलली व्हती का?" त्याने विचारलं.

"आमच्या सेवानं. धाकट्या भावानं. म्या नरसीला गेलतो तवा खोलली असल. त्यो न्हाई म्हणून राहिला. मग उलटी काहून मारती? म्या त्याला बायकापोरांसगट घराबाहेर काढलं. आता तुमी खोला अन् तांड्यावर येऊन चार लोकांत सांगा."

"देवाची आन घेतली हो त्यानं," पेमा हळूच म्हणाली.

"तू गप राय."

रामकिशनने दोरीचं झाकण काढलं. आतलं मॅग्नेटचं चाक नटाने आवळलेलं असतं. हा नट पान्याच्या पहिल्याच झटक्यात सुटला. चाक ठोकून काढावं लागतं, ते नुसत्या हाताने निघालं. चाक शाफ्टवर नेमक्या जागी बसावं म्हणून खाचेत बारीकशी लोखंडी चावी असते. ती मधोमध तुटली होती. अर्धी शाफ्टमध्ये होती, अर्धी चाकात. चाक बोटभर सरकलं होतं. त्यामुळे पिस्टन वर पोचायच्या कितीतरी आधीच ठिणगी पडायची आणि इंजिन उलटं फिरून दोरी खेचायचं.

त्याने चावीचा तुकडा तळहातावर घेऊन उजेडाला धरला. दिसेना म्हणून बोटाने चाचपला. त्यावर कानशीचे आडवे ओरखडे होते. ते त्याच्याच हाताचे होते.

दिवाळीच्या सुमारास हीच मशीन त्याने खोलली होती. तेव्हा मूळची चावी हातातून निसटून खाली पडली. तासभर जमीन चाचपूनही ती सापडली नाही. गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या डोळ्यांसमोर दुधाळ पडदा आला होता, पण ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी खिळा घासून चावी केली. शाफ्टवरचं तेलही नीट पुसलं नाही, नट पुरता आवळला गेला का तेही पाहिलं नाही. चालून जाईल, असं म्हणून त्याने झाकण लावून टाकलं होतं.

"सेवाचंच काम हाये ना?" हिरासिंगने विचारलं.

रामकिशन बराच वेळ हात पुसत राहिला. "नवी चावी आणावी लागल. परवा म्याच मशीन घेऊन येतो. तवा सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्याने नांदेडहून चावी आणली. शाफ्ट आणि चाकाचं भोक पेट्रोलने धुऊन फडक्याने कोरडं केलं. चावी खाचेत बसली की नाही हे त्याने नखाने चारचारदा पाहिलं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट पत्ती घालून मोजून लावली, नट सगळा जोर लावून आवळला. काम करता करता तो मनाशी बोलत होता. नवी चावी बसली. आता सेवाचं नाव घेतलं काय, न घेतलं काय, कुणाला कळणार? आणि खरं सांगितलं तर आंधळ्या मिस्त्रीकडे कोण येणार? हे दुकान सोडलं तर त्याच्याकडे दुसरं काय होतं?

दोरी धरताना त्याला पहिल्यांदाच भीती वाटली. मग त्याने ती ओढली. दोरी सरळ आली, सरळ परत गेली. तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झाली.

तांड्यावर हिरासिंगने खरंच चार माणसं बोलावून ठेवली होती. रामकिशनने सगळ्यांसमोर मशीन चालू करून दाखवली, बंद केली आणि तो उभाच राहिला.

"सेवानं हात लावला न्हाई," तो म्हणाला. "चावी म्या खिळ्याची बसवली व्हती. नटही ढिला ऱ्हायला. मला दिसत न्हाई बराबर. अंगठा माझ्यापायी मोडला."

एक म्हातारा खाकरला. हिरासिंगने आपल्या प्लास्टरकडे पाहिलं, मग रामकिशनकडे.

"मंग परवाच काहून न्हाई सांगितलं?"

"भ्यालो."

हिरासिंग उठून घरात गेला. शेजारच्या खोपटाच्या दाराला बाहेरून काटेरी फांदी लावलेली होती. त्या खोपटाकडे बघत पेमा म्हणाली, "सेवा वसमतच्या वीटभट्टीवर गेला. लहान लेकरू हाये त्याचं. थंडीत उघड्यावर ऱ्हात असतील."

रामकिशन फाट्यावर येऊन एसटीची वाट पाहत थांबला. थोड्या वेळाने हिरासिंग तिथे आला. त्याच्या डाव्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून गोधडीचं टोक बाहेर आलं होतं. तो रस्त्याच्या पलीकडे, वसमतकडे जाणाऱ्या गाड्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. दोघांच्या मध्ये रिकामा रस्ता होता. एक ट्रॅक्टर गेला. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

वसमतची गाडी आधी आली. हिरासिंगला एका हाताने दांडा धरावा की पिशवी, ते जमेना. रामकिशन रस्ता ओलांडून गेला आणि त्याने पिशवी खालून वर दिली. हिरासिंगने ती घेतली. कंडक्टरने दार ओढून घेतलं.

गाडी हलली तेव्हा खिडकीतून हिरासिंगचं तोंड दिसलं. "मिस्त्री, जेवला का?"

"व्हय, जेवलो," रामकिशन मोठ्याने म्हणाला.

सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो हात वर करून उभा होता. मग तो परत रस्ता ओलांडून आपल्या बाजूला आला आणि दगडावर बसला.