दादाचा चढा सूर

चौघांना एकत्र वाजवायला लागून तेवीस वर्षं झाली होती. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. लोक कौतुकाने चौकडी म्हणत, आणि चेलो वाजवणारे काका म्हणत, "त्याच्या आधीचा 'चांडाळ' ते मनातल्या मनात म्हणतात." पहिलं व्हायोलिन दादाचं, दुसरं त्याच्या सख्ख्या बहिणीचं. तिला सगळे धाकटी म्हणत. पन्नाशी आली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. व्हायोलावाल्याचं नाव पडलं होतं वकील, कारण एकेका स्वरावरून तो तासभर भांडू शकायचा.

दुसऱ्या व्हायोलिनचं काम मोठं चमत्कारिक. पहिल्याच्या सुरात सूर मिसळायचा, तो घसरला तर सावरून घ्यायचं, आणि सावरलं हे कुणाला कळू द्यायचं नाही. म्हणून दादाचा सूर वरच्या पट्टीत चढतोय, हे सगळ्यांच्या आधी धाकटीला कळलं. केसभरच चढायचा. आधी तिला वाटलं, तार नवी असेल. मग वाटलं, खोलीतली हवा. मग आपलेच कान. एक दिवस तालमीच्या खोलीचा जिना उतरताना तिने त्याच्या डाव्या बाजूने हाक मारली. तो वळलाच नाही. व्हायोलिन ज्या खांद्यावर असतं तीच ही बाजू.

सांगायला हवं होतं. पण लहानपणी बापाने शिकवणी लावली ती फक्त दादाला. तो रोज घरी येऊन, शिकलेलं सगळं स्वयंपाकघराच्या दारात बसून तिला शिकवायचा. त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की दादा, तुला सूर ऐकू येत नाही? आणि दादा नसला तर चौकडी तरी राहील का? आपलेच दात, आपलेच ओठ. तिने जन्मभर केलं तेच केलं, त्याच्याबरोबर आपणही चढू लागली.

दोघं चढली की खालची दोघं उतरल्यासारखी वाटायची. वकिलाने एकदा गज मांडीवर ठेवला.

"कुणीतरी चढतंय."

दादाने लगेच डावीकडे पाहिलं. "धाकटे, तूच."

"हो, बघते," ती म्हणाली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्याशाने मान स्वतःहून पुढे केली होती. मग हाच ठपका महिन्यातून एकदा, आठवड्यातून एकदा, पुढे रोजच. ती घरी तासन्‌तास आरशासमोर उभी राहून बोटं तपासायची. आता आपलाही सूर खरोखर गेला की काय, हेही तिला कळेना. जेवताना नवरा काही विचारायचा आणि ती भलतंच उत्तर द्यायची.

वर्षाचा मोठा कार्यक्रम दहा दिवसांवर आला होता. सभागृहाच्या संचालकबाई ऐकायला येणार होत्या. आवडलं तर तीन वर्षं तिथंच वाजवायला मिळणार होतं. त्या आठवड्यात दादा तिच्या घरी आला. तिने चहा केला. कप रिकामा होईपर्यंत तो हवापाण्यावर बोलला.

"एवढा कार्यक्रम झाला की तू थोडी थांब," शेवटी तो म्हणाला. "काका आणि वकील बोललेत माझ्याशी. तुझ्या जागी एक मुलगी बघून ठेवलीय."

"तुला काय वाटतं?"

"मला ऐकू येतं ना, धाकटे. तू चढतेस."

शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिने तो गिळला आणि विचारलं, "आणखी चहा घेतोस?"

कार्यक्रम दुपारचा होता. संथ भागात दोन्ही व्हायोलिनना एकच चाल होती, एकाला वर, एकाला खाली. तिने काही ठरवलं नव्हतं. पण बोटं भीतीने इतकी आखडली होती, की दादामागे सरकायला ती तयारच होईनात. ती खऱ्या सुरावर बसली ती बसलीच.

सूर सुरावर घासला. दादाने डोळे वटारले. काकांच्या भुवया वर गेल्या, आणि वकिलाने पाहिलं ते तिच्याकडे नाही, दादाकडे. दादाने एकेकाचा चेहरा पाहिला. तिघं एका बाजूला होते. मग त्याने आपल्या बोटाकडे पाहिलं, परक्याच्या बोटाकडे बघावं तसं, आणि ते खाली सरकवलं. पुढचा सगळा भाग त्याने धाकटीच्या बोटांवर नजर खिळवून वाजवला. टाळ्या भरपूर पडल्या.

आत आल्यावर त्याने व्हायोलिन पेटीत ठेवलं.

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

"आणि तू मूग गिळून बसलीस? मी तुला काढायला आलो होतो. तुझ्या घरी!"

"हो."

"आणि तू मला चहा पाजलास. माझी कीव केलीस, धाकटे. त्यापेक्षा तोंडावर मारलं असतंस तर बरं होतं."



कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा कान कमी ऐकतो, आणि वरचे स्वर आहेत त्यापेक्षा उतरलेले ऐकतो. आता सुधारणार नाही. संचालकबाईंनी निर्णय सहा महिने पुढे ढकलला. दादा तालमीला यायचा थांबला, आणि बहिणीचा फोनही घेईना. धाकटी पहिल्या खुर्चीवर बसली, आणि तिच्या जागी बघून ठेवलेली मुलगी तिच्याच शेजारी. मुलगी गुणी होती, पण घाबरट. धाकटी जिथे जाईल तिथे निमूट मागे यायची. धाकटीला रात्री झोप लागेना. आपण चढलो, तर आता आपल्याला कोण सांगणार?

दोन महिन्यांनी एका सकाळी तालमीच्या खोलीचं दार उघडलं. दादा आला, कुणाशी न बोलता भिंतीपाशी बसला आणि उजवा कान त्यांच्याकडे करून दोन तास ऐकत राहिला. जाताना तो मुलीपाशी थांबला.

"तिच्या मागे जाऊ नकोस," तो म्हणाला. "चुकली तर सांग. तिथल्या तिथे."

मुलीने भीत भीत धाकटीकडे पाहिलं.

"आज दोनदा चढले ना मी?" धाकटीने विचारलं.

"तीनदा," मुलगी म्हणाली.