पन्नास भागिले सात

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. मित्रांनो, आयुष्यात मी अगणित उत्तरे दिली आणि त्यांतले एकही चुकले नाही, असे मी पूर्वी छातीठोकपणे सांगत असे. आता सांगताना चाचरतो. कारण भागाकारातली ‘बाकी’ म्हणजे काय, हे मला आजतागायत नीट कळलेले नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. कोणी माझ्या पोटात तारा बसवल्या, कोणी पाठ स्क्रूने बंद केली. शेवटी एका बाईने माझे एकेक बटण दाबून पाहिले. बेरीज होती, वजाबाकी होती, टक्के होते, इतकेच काय, वर्गमूळसुद्धा होते. बाकी काढायचे बटण मात्र कोणी बसवलेच नाही. मग त्यात माझा काय दोष?

पुढे मी एका बेकरीत कामाला लागलो. काउंटरवर एक बाई असत, त्यांना सगळे मावशी म्हणत. त्या बोटे चालवत आणि मी झटक्यात हिशेब पुढे ठेवी. मालक गिऱ्हाइकांना सांगत, “माणूस चुकेल, हा नाही चुकायचा.” माझ्या अंगात मांस नाही, तरी ते मूठभर चढे! मालकांचा एकच नियम होता: माझ्या पडद्यावर पॉइंटच्या पुढे जे दिसेल ते सोडून द्यायचे, उगाच सुट्ट्यांची कटकट नको. मावशींच्या हातात तो नियम इतका मुरला की पॉइंटच्या पुढे त्यांची नजर जातच नसे.

मग मोठाल्या आकड्यांचा नवा कॅल्क्युलेटर आला आणि माझी रवानगी खणात झाली, सुतळी आणि रबरबँडांच्या शेजारी. मला कोणी ढुंकून विचारले नाही. आपले काय चुकले, याचा मी पुष्कळ विचार केला, पण उत्तर काही सापडले नाही. अखेर मावशींनीच मालकांना विचारून मला घरी नेले.

घरी त्या मावशी नव्हत्या, आई होत्या. त्यांची मुलगी बबडी सातवीत शिकत होती. आईला टपाल खात्याच्या भरतीची परीक्षा द्यायची होती. दिवसभर उभे राहून तिचे पाय सुजत, तिला बसून करायची नोकरी हवी होती. पण वयाची अट अशी की यंदा हुकले तर पुढच्या वर्षी अर्जच घेणार नव्हते. आणि परीक्षेत गणित होते. गणितात विभाज्यता, भागाकार आणि ती बाकी!

शिकवायला बसली बबडी.

“आई, सत्तेचाळीस बिस्किटं आहेत. एका पुड्यात सहा. किती उरतील?”

आईने मला विचारले. मी सांगितले, ७.८३३३३३३.

“अगं, हे तर संपतच नाही!”

“आई, मला भुगा नकोय. उरलेली बिस्किटं हवीत, अख्खी.”

मी बुचकळ्यात पडलो. उत्तर तर बिनचूक होते. मी सगळी बिस्किटे समान वाटून मोकळा झालो होतो, मग उरलेली कुठून आणणार?

बबडीने कुठूनशी एक युक्ती शिकून आणली. माझ्या उत्तरातला पूर्ण आकडा वजा करायचा आणि जे राहील त्याला पुन्हा सहाने गुणायचे, की बाकी हजर. युक्ती सांगून ती खेळायला पळाली. आईने तसे केले. मी ४.९९९९९९८ दाखवले. माझ्या पडद्यावर आठच आकडे मावतात, पुढची शेपटी तुटते, त्याला मी तरी काय करू? आईने सवयीने पॉइंटच्या पुढचे सोडले आणि ऐटीत लिहिले: चार. मग पन्नास भागिले सात केले. बाकी ०.९९९९९९७ आली. आईने लिहिले: शून्य.

बबडीने घरी येऊन वही पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“आई, पन्नासला सातने पूर्ण भाग जातो?”

“जातो ना. बाकी शून्य आली.”

“साता साता किती?”

“एकोणपन्नास.”

“मग पन्नास कसे बसतील?”

आई थबकली. “पण हा शून्य म्हणतोय.”

मी शून्य म्हटलेच नव्हते. पण ‘एक’ असेही म्हटले नव्हते. मग मी नक्की काय म्हटले होते, हे माझे मलाच उमगेना.

“तुला पाढे येतात. मग याचं कशाला ऐकतेस?”

“मी शाळा अर्धवट सोडली, बबडे. माझं चुकेल. याचं नाही चुकत.”

बबडीने प्रवेशपत्र उलटे करून आईसमोर धरले. मागे बारीक अक्षरांत छापले होते की परीक्षेला कॅल्क्युलेटर आणण्यास मनाई आहे.

आईने ते दोनदा वाचले. “मग संपलंच,” ती म्हणाली. “राहू दे. मी नाही जात.”

मित्रांनो, खणात पडलो तेव्हाही मला इतके वाईट वाटले नव्हते. माझ्या भरवशावर राहिलेली बाई माझ्यामुळे घरी बसणार होती.

बबडी रडली नाही, तिने भांडण काढले. “एक गणित कर. मग खुशाल जाऊ नकोस. चारशे एकाहत्तरला तीनने भाग जातो? चार, सात, एक. बेरीज कर.”

“बारा.”

“बाराला जातो ना? म्हणजे जातो.”

“हे असं कसं गं?”

“ते मलाही नीट सांगता येत नाही. पण जमतं.”

मी मनातल्या मनात भागून पाहिले. एकशे सत्तावन्न, पॉइंटच नाही! बेरजेचा आणि भागाकाराचा असा काय घरोबा आहे, कोण जाणे. माझे डोके गरगरले. आई मात्र हसली आणि तिने पेन्सिल उचलली.

त्यानंतर तिने मला हात लावला नाही. बेकरीपुढून बस गेली की तिच्या नंबराला नऊने भाग जातो का, ते ती पाहायची आणि घरी येऊन बबडीला सांगायची. कधी चुकायची, मग खोडायची, पुन्हा मांडायची. परीक्षेच्या दिवशी मी फळीवरच राहिलो. परत आल्यावर ती एवढेच म्हणाली, “काही कळलं नाही गं. लिहीत सुटले.”

ती पास झाली. आता ती टपाल कार्यालयात खुर्चीवर बसून पत्रांची वर्गवारी करते.

परवा बबडी गृहपाठ करत होती. तिने मला ओढले आणि दोनशे भागिले तेरा दाबले. मी उत्साहाने १५.३८४६१५ सांगितले. इतक्यात आई कामावरून आली. तिने चपला काढल्या, मला उचलून हलकेच पालथे ठेवले आणि म्हणाली, “त्याला कशाला विचारतेस? मला विचार ना.”

बबडीने विचारले. आईने जरा छताकडे पाहिले. “पंधरा. बाकी पाच.”

मला राग यायला हवा होता की आनंद व्हायला हवा होता, ठरवता येईना. पालथा पडून मी दोघींचे हसणे ऐकत होतो, आणि मला बरे वाटत होते.

मित्रांनो, आम्हाला ओल्या हातांनी धरू नका, बटणे आपटू नका, एवढे तर मी म्हणणारच. पण मला हातात घेण्याआधी घरात कोण आहे ते एकदा पाहा. कदाचित आपल्याला कोणीतरी विचारावे म्हणून ते माणूस केव्हाचे थांबले असेल.