नाचातला आठवा

नाबोर थापा मारायचा, पण पोटापुरत्या. गेर्रेरो प्रांताच्या डोंगरातल्या वस्त्यांवरून नाचाचे जुने मुखवटे गोळा करायचे आणि इग्वालाच्या बाजारात येणाऱ्या शहरी लोकांना विकायचे, हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. सुरुवातीला माल मुबलक होता. वाघांचे, सैतानांचे, दाढीवाल्या सरदारांचे मुखवटे लोकांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले असायचे. पुढे गिऱ्हाइकं वाढली आणि माळे रिकामे झाले. तेव्हा नाबोरने एर्मिलो सुताराला गाठलं.

एर्मिलो दोन दिवसांत पांगाऱ्याच्या लाकडातून चेहरा काढायचा. मग तो चेहरा महिनाभर ओल्या चिखलात पुरायचा, चुलीवर धुरात टांगायचा, आणि आतून जिथे नाचणाऱ्याचं कपाळ टेकतं तिथे डुकराची चरबी चोळचोळून शंभर वर्षांचा घाम आणायचा. "माझ्या आज्याहून म्हातारा," तो खिदळत म्हणायचा, "आणि दात बघ, सगळे शाबूत!"

यातले बहुतेक मुखवटे डॉक्टर ओसोर्नो घ्यायचे. राजधानीतले दातांचे डॉक्टर. घराच्या तीन खोल्यांच्या भिंती त्यांनी मुखवट्यांनी भरल्या होत्या. पण नुसत्या मुखवट्याने त्यांचं भागत नसे. नाच कुठला, कोण नाचायचं, कधी, कशासाठी, सगळं वहीत लिहून हवं असे.

त्या वर्षी नाबोरने एर्मिलोला एक वेगळाच चेहरा करायला सांगितला. ओठ घट्ट मिटलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, एक डोळा बंद.

"असलं ध्यान कुठे पाहिलंस रे?"

"आईकडे," नाबोर म्हणाला, आणि ते खरं होतं. लहानपणी तो रडायला लागला की आई असा चेहरा करायची. आईने, हासिन्ताने, पोरावर कधी हात उगारला नाही. गरजच पडली नाही.

मुखवटा पाहून डॉक्टरांनी वही उघडली. "कुठला नाच हा?"

"मुक्याचा," नाबोर म्हणाला. "सात जण मुखवटे घालून नदीच्या वाळूत नाचतात. पावा नाही, ढोल नाही, नुसती पावलं. मग हा मुका बघ्यांमधल्या एकाला हात लावतो. तो आठवा. त्याला मुखवटा नसतो. तो उघड्या तोंडाने नाचत नाचत नदीत उतरतो, छातीएवढ्या पाण्यात जातो आणि परत येतो. मग पाऊस चांगला होतो."

"गाव?"

"अतेनांको."

डॉक्टर निघून गेल्यावर नाबोर बराच वेळ दारात उभा राहिला. एरवी थाप जुळवावी लागे, एक तुकडा इथला, एक तिथला. ही मात्र तव्यावरून उतरल्यासारखी गरमागरम हातात पडली होती. आणि अतेनांकोला तर तो कधी गेलाच नव्हता. खेचर घेऊन निघाला की आई दर वेळी बजावायची, "कुठेही जा, पण नदीपलीकडे अतेनांकोला नको. ताप आहे तिकडे." तेच नाव जिभेवर आलं असणार, अशी त्याने मनाची समजूत घातली.

डॉक्टरांनी हट्टच धरला. ते गाव बघायचं. नाबोरने दोनदा टाळलं. तिसऱ्या वेळी ते मुखवटा पिशवीत घालून जीप घेऊनच दारात आले. नाबोरने मनाशी ठरवलं, गावातले म्हणाले की असला नाच आमच्याकडे नाही, तर म्हणू, म्हातारे मेले, तरुण विसरले. ही सबब आजवर कधी वाया गेली नव्हती.

जीप नदीपर्यंत, पुढे तराफा, पुढे तासभर पायी. भर दुपारी ते पोचले. वीसेक घरं, पांढरं चर्च, आणि पहिल्याच ओसरीवर ताडाच्या पात्यांची वेणी विणत बसलेला एक म्हातारा. त्याचं नाव तिबुर्सियो. त्याची बायको लुगार्दा आत मका वाटत होती.

"आजोबा, हा नाच ठाऊक आहे का तुम्हाला?" म्हणत डॉक्टरांनी पिशवीतून मुखवटा काढला.

म्हाताऱ्याची बोटं थांबली. "हा कोणी उकरला?"

डॉक्टरांनी नाबोरकडे पाहिलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"नदीकाठी, सावरीखाली पुरला होता आम्ही. शपथ घेतली होती, नाव काढायचं नाही."

"मुक्याचा नाच?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुक्याचा."

"सात जण?"

"सात. आणि एक आठवा."

"आजोबा," नाबोर मध्येच म्हणाला, "तुमची काहीतरी गल्लत होतेय. हा मुखवटा..."

"मी घालायचो तो. माझं तोंड मला कळत नाही होय?"

वाटण्याचा आवाज बंद झाला होता. लुगार्दा दारात येऊन उभी राहिली. तिने मुखवट्याकडे पाहिलं आणि शालीचा पदर तोंडावर ओढून घेतला.

"कुणाला हात लावायचा ते आधीच ठरायचं," तिबुर्सियो बोलू लागला. डॉक्टरांकडे नाही, तो मुखवट्याकडे बघत बोलत होता. "त्या वर्षी आबुंदियो ठरला होता. पट्टीचा पोहणारा. पण पुढे मेलेसियो उभा होता, आणि तो हसत होता. त्याला कशाचंही हसू यायचं. मुक्याच्या नाचात हसत नाहीत. मला राग आला. मुखवट्याच्या आत माणसाला राग लवकर येतो. मी त्यालाच हात लावला. तर तो हसत हसतच नाचत आला. छातीएवढ्या पाण्यात गेला, आमच्याकडे वळला. इथे आभाळ स्वच्छ होतं हो. वर डोंगरात पाऊस झाला असेल, आम्हाला काय माहीत? पाणी आलं ते भिंतीसारखं. तीन दिवसांनी टोपी सापडली. तो नाही सापडला."

डॉक्टर भराभर लिहीत होते.

"बायको होती त्याची. सातवा महिना चालू होता. रोज सकाळी माझ्या दारात येऊन उभी राहायची. बोलायची नाही. नुसती तोंड असं ओढून, एक डोळा मिटून माझ्याकडे बघायची. ह्याच्यासारखी. चाळीस दिवस. मग गाव सोडून गेली."

"नाव काय तिचं?" नाबोरने विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"हासिन्ता," दारातून लुगार्दा म्हणाली.

तिबुर्सियोने पहिल्यांदाच नाबोरकडे नीट पाहिलं. "तू कुठला रे? कुणाचा?"

"इग्वालाचा," नाबोर म्हणाला. "बाप खेचरवाला होता. साप चावून गेला."

हेच तर आईने सांगितलं होतं. लुगार्दाने पदराआडून त्याला न्याहाळलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हा हसत नाहीये. हसला असता तर कळलं असतं."

परतीच्या वाटेवर नाबोरने सगळं ओकून टाकलं. मुखवटा तीन महिन्यांपूर्वीचा आहे, एर्मिलोने केलाय, घाम चरबीचा आहे, नाच मी मनाने रचला. डॉक्टर मनापासून हसले. "आता त्याची किंमत कळली, म्हणून परत हवाय होय? लबाड आहेस, नाबोर! एवढा म्हातारा माणूस खोटं बोलेल?"

वीस वर्षं थापा पचल्या, आणि खरं बोलला ते कुणाला पटेना.

तराफा नदीच्या मध्यावर आला तेव्हा डॉक्टरांनी मुखवटा काढून चेहऱ्यावर धरला. "आतून कसं दिसतं बघू तरी." मिटल्या ओठांचं ते तोंड नाबोरकडे वळलं, आणि एक हात पुढे येऊन त्याच्या खांद्यावर टेकला.

"हा आठवा!"

"साहेब," तराफेवाला करड्या आवाजात म्हणाला, "पाण्यावर असली मस्करी नको."

डॉक्टर ओशाळले. मुखवटा पिशवीत गेला. नदी शांत होती, काठावर बगळे उभे होते. पण तराफ्याच्या लाकडावर कुणीतरी ताल धरला होता. नाबोरने खाली पाहिलं. त्याचेच पाय होते ते. मांड्यांवर दोन्ही हात दाबून धरले तेव्हा कुठे थांबले.

घरी आई अंगणात चुन्याच्या पाण्यातला मका धूत बसली होती. नाबोर तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आई, मेलेसियो कोण?"

तिचे हात चालूच राहिले. "तिकडे ताप आहे म्हणून सांगितलं होतं ना?"

"तिबुर्सियो अजून आहे."

हात थांबले. "जिवंत? दिसतं त्याला?"

"चांगलं दिसतं. विणत बसला होता."

"चाळीस दिवस बघितलं होतं मी त्याच्याकडे. मला वाटलेलं, वर्षभरात जाईल." तिने मूठभर मका उचलला आणि पुन्हा पाण्यात सोडला. "चिवट निघाला."

"तो चेहरा मला का दाखवायचीस? मी रडायचो म्हणून?"

"रडायचास?" ती खरोखरच चकित झाली. "रडायचास कुठे? हसायचास तू. पाळण्यात पडल्या पडल्या, कशालाही. अगदी त्याच्यासारखा. मला सहन व्हायचं नाही रे. रडायचास ते नंतर."

तिने मका निथळला आणि टोपली घेऊन ती आत गेली.

नाबोरने धंदा बंद केला. एर्मिलो घरी येऊन शिव्या देऊन गेला. डॉक्टरांची पत्रं यायची: मुक्याला बैठकीच्या खोलीत मधोमध टांगलाय, बाकीचे सहा कसे होते, कुठे मिळतील? नाबोर पत्रं उत्तर न देता चुलीत घालायचा. रात्री नीट झोप लागायची, वाईट स्वप्नंही पडत नव्हती. फक्त गर्दीत कुणाचा खांद्याला धक्का लागला की तो जागच्या जागी गोठून उभा राहायचा.

शेवटी नोव्हेंबरात, घरोघरी मेलेल्यांना जेवू घालायचे मृतांचे दिवस सरल्यावर, तो आईला न सांगता एकटाच पुन्हा अतेनांकोला गेला. तिबुर्सियो त्याच ओसरीवर होता.

"आजोबा, मी मागे खोटं बोललो. मी हासिन्ताचा."

"माहीत आहे." म्हाताऱ्याने विणकाम बाजूला ठेवलं, भिंतीला धरून उठला आणि डोक्यावरची टोपी काढली. नाबोरला वाटलं, हा आता माफी मागणार. त्याने मागितली नाही. छाती पुढे करून, लहान मूल उंची मोजायला उभं राहतं तसा तो उभा राहिला.

"लाव हात."

"काय?"

"मला हात लाव. चाळीस वर्षं वाट बघतोय. ज्याला हात लागत नाही त्याला नदीत उतरता येत नाही. मी आपल्या मनाने दोनदा उतरून बघितलं, नदीने घेतलं नाही. तू त्याचा आहेस. तू लावलास तर घेईल."

"आजोबा, तो नाच मी..." नाबोर बोलायचा थांबला. मी रचला, असं आता म्हणता येत नव्हतं.

"नको लावू रे बाबा," आतून लुगार्दा म्हणाली. ती बाहेर आली नाही. "मी एकटी पडेन."

नाबोरने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि उलट पावली अंगणातून मागे सरला. मग वळला आणि नदीची वाट धरली. म्हातारा मागोमाग आला. तासाच्या वाटेला दोन तास लागले; नाबोर थांबला की तो थांबायचा, चालला की चालायचा. एकदा तो ठेचकाळून पडला आणि नाबोरचा हात आपसूक पुढे गेला. म्हाताऱ्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत एवढी आशा होती की नाबोरने हात झटकन मागे घेतला, आणि म्हातारा दगडाला धरून आपला आपण उठेपर्यंत तो नुसता बघत राहिला.

तराफा सुटला तेव्हा तिबुर्सियो घोटाभर पाण्यात उभा होता. "पुढच्या वर्षी ये," तो ओरडला. "मी इथेच आहे."

तराफेवाल्याने विचारलं, "कोण लागतो तुमचा?"

नाबोरचे हात अजून पाठीमागेच होते. तराफा डोलत होता आणि आधाराला काहीतरी धरायला हवं होतं, पण त्याने काही धरलं नाही.

"वडिलांच्या ओळखीचा," तो म्हणाला.