अडल्यास फोन करा

चिमाबाईंनी वालाच्या शेंगा सोलता सोलता कोपरानेच फोन जवळ ओढला, स्पीकर लावला आणि पलीकडच्याला आधी जयभीम घातला.

पलीकडे नागपूरचा कुणी मुलगा होता. उखळ इन्स्टॉल होत नाही म्हणाला. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर काहीच हलत नाही, खाली हा नंबर दिलाय, प्रशांत सर आहेत का?

"प्रशांत शहापूरला गेलाय. सांजंला येल," चिमाबाई म्हणाल्या. "तू बंद नको करू. जेवलास का?"

ओट्यावर बसलेल्या इंद्रजीतच्या हातातला चहा हातातच राहिला. प्रशांतला जाऊन वर्ष होत आलं होतं. घाटात ट्रकने त्याची बाइक उडवली. जलदानविधीनंतर सतरंज्या झटकून घड्या घातल्या त्या इंद्रजीतनेच.

उखळ हे प्रशांत आणि इंद्रजीत दोघांनी कॉलेजात असताना बनवलेलं. प्रोग्रामर लोकांनी लिहिलेल्या ओळी त्यात घालायच्या, ते कांडून चालणारं सॉफ्टवेअर बाहेर काढायचं. कांडण्यात खोट नव्हती. इन्स्टॉल करणं म्हणजे मात्र लग्नघर. जगभरातून लागणाऱ्या फायलींचं सामान आणायचं आणि ते येईस्तोवर उखळाने मौनव्रत धरायचं. लोकांना वाटे, मेलं. दुरुस्त करण्याऐवजी प्रशांतने पडद्याच्या तळाशी 'अडल्यास फोन करा' असं लिहून घरचा नंबर टाकला. घरचा म्हणजे आईचा, कारण उंबरमाळीत रेंज तिच्याच फोनला यायची.

चिमाबाई जेवणाची चौकशी करत, पाऊस विचारत, लग्नाचं कुठवर आलं ते विचारत. तेवढ्यात सामान येऊन पडे आणि उखळ आपोआप बसे. लोक आभार मानत. इंदूरच्या एका पोरीने तर साडी पाठवली होती. आपण बोललो की ते चालू होतं, याबद्दल चिमाबाईंच्या मनात शंका नव्हती, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करणं इंद्रजीतलाही जमलं नसतं.

नागपूरचं उखळ बसलं. फोन ठेवल्यावर इंद्रजीतने चहा खाली ठेवला. तो मुरबाडचा. तिथे अजून रेल्वे आलेली नाही, त्यामुळे वाट बघण्यात तो पटाईत होता, पण हे सांगायला त्याने चार रविवार घालवले होते.

त्याने सांगितलं, की सगळं सामान एकाच गाठोड्यात बांधलंय. आता एक ओळ टाकली की चहा गाळून होईस्तोवर इन्स्टॉल. किती झालं तेही दिसेल. कुणी अडणार नाही. नंबर काढलाय. त्या जागी प्रशांतचं नाव टाकलंय, स्मरणार्थ म्हणून. उद्या हे नवं उखळ सगळीकडे जाईल.

चिमाबाईंनी एक शेंग सोलली. दाणे टोपात आणि साल सुपात टाकायची, ते उलटं झालं.

"म्हणजे फोन नाय येणार."

"नाय, काकी."

"चांगलं झालं. त्यानं कवाच करायला होवं होतं ते. आळशी मेला."

बोलून झाल्यावर त्या थांबल्या. सालांतून दाणे एकेक वेचून काढू लागल्या.

"त्या सगल्यांना मी शहापूर सांगितलंय रे," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या वाचतील ते."

नाव नको टाकूया, असं इंद्रजीत म्हणणार होता, एवढ्यात फोन वाजला.

या खेपेला चिमाबाईंनी हात पदराला पुसून फोन उचलला. पलीकडे एक बाई होती. पूर्वीही अडली होती, तिने आवाज ओळखला. आई कशा आहात म्हणाली, आज तरी सर भेटतील का म्हणाली.

"नाय भेटायचा गो बाय," चिमाबाई म्हणाल्या. "प्रशांत वारला. गेल्या माघात. मी तुला मागं खोटं सांगितलं. मशिनीवर वाचण्यापरीस माज्या तोंडून ऐक."

मग त्यांनी फोन इंद्रजीतच्या हातात दिला. सूप उचललं आणि सालं शेळीला घालायला परसात गेल्या.

इंद्रजीतने फोन कानाला लावला. पलीकडे कुठेतरी पंखा फिरत होता. त्याला काही विचारावंसं वाटलं, पण जेवलात का हे काही त्याच्या तोंडून निघेना.

"झालं वाटतं इन्स्टॉल," शेवटी ती म्हणाली.

"हो," इंद्रजीत म्हणाला.

फोन दोघांनीही ठेवला नाही.