बायजाचं ताक

कडावच्या पोपटच्या हृदयाचं पंपिंग कमी झालं, तेव्हा कर्जतच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, बायजाला, समोर बसवून सगळं समजावलं. पाणी मोजून द्यायचं, मीठ नावापुरतं. मग त्या भल्या माणसानं आणखी एक गोष्ट सांगितली. पोटातल्या जंतूंचा हृदयाशी संबंध असतो, आतडी सुजली की वाईट जंतूंचं विष रक्तात उतरतं, दह्याताकात मात्र चांगले जंतू असतात. एवढं सांगायची काय गरज होती, देव जाणे. बायजाच्या गोठ्यात म्हशी. तिनं नेमकं तेवढंच उचललं.

पाण्याचा तांब्या तिनं नवऱ्यापासून लांब ठेवला. घोटभर जास्त मागितलं तरी द्यायची नाही. ताक मात्र दिवसभर, चिमूट चिमूट मीठ घालून, पेल्यामागून पेला. खोपोलीच्या कारखान्यात कामाला असलेल्या राजेशनं, तिच्या मुलानं, एकदा हटकलं, तर म्हणाली, "ताक म्हंजे काय पाणी हाय?" पोपटही आवडीनं प्यायचा. त्याचे पाय सुजले, तशी तिनं आणखी घुसळलं.

धाप लागली तेव्हा राजेशनं त्याला दवाखान्यात नेलं. धारा काढायला बायजा घरी राहिली. डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली आणि कपाळाला हात लावला. ताकातलं पाणीही पाणीच, वर त्यात मीठ. ते अंगात साचलं आणि थकलेल्या हृदयावर भार पडला. खाटेवरून पोपट ऐकत होता. डॉक्टर गेल्यावर त्यानं राजेशचं मनगट धरलं.

"तुज्या आईला सांगू नको रं. ती जगायची नाय."

घरी आल्यावर राजेशनं ताक बंद करायला लावलं, कारण काही सांगितलं नाही. बायजानं त्याच्याशी अबोला धरला. महिनाभरात पोपट गेला.

दहाव्याला लोधिवलीहून आलेली नणंद सुंदरा रडत विचारू लागली, दादा बरा होत होता ना? ताकाला जाऊन भांडं लपवणं बायजाला कधी जमलं नाही. भरल्या अंगणात तिनं मुलाकडे बोट केलं.

"माज्या ताकावर जगत व्हते हे. पोरानं बंद केलं."

सगळे राजेशकडे बघू लागले. खरं बोलला असता तर त्या क्षणी मोकळा झाला असता तो. सांगतानाही माझा जीव तुटतो त्याच्यासाठी.

"चुकलं गं आई माझं," तो म्हणाला.