एकशे अठ्ठेचाळीस दिवसांची चूक

"अठरा हजार तीनशे त्रेचाळीस!" भक्त ज्यांना पापा म्हणत ते प्रेषित जेरेमाया गरजले.

चोमा गावच्या मैदानावरचा तंबू चिडीचूप झाला. पुढच्या रांगेतल्या ट्रकवाल्यानं आपण जगलेले दिवस फोनवर मोजून पाहिले आणि तो ढसाढसा रडू लागला. "बरोबर, पापा! एका दिवसाचाही फरक नाही!"

"डोक्यावरचे केस मोजणाऱ्या देवाला दिवस मोजायला कितीसा वेळ लागतो?" पापा म्हणाले. दारात प्रत्येकाकडून चिठ्ठीवर नाव आणि आपल्या जन्माची किंवा गेलेल्या नातलगाची तारीख लिहून घेतली होती, ती म्हणे प्रार्थनेसाठी. पापांच्या कानात काळं यंत्र होतं, ते म्हणे बहिरेपणासाठी.

मागच्या बाकावर लव्हनेस हामूंगा बसली होती. दवाखान्यात ती मुलांच्या लसींच्या तारखा संगणकावर काढायची. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला, मुलगी दूर लुसाका शहरात. दवाखान्याबाहेर तिच्याशी कुणी फारसं बोलत नसे. शेजारच्या एस्नार्ट आजींनी तिला आग्रह करून आणलं होतं. पापांनी "अजून चार हजार दिवस आहेत" असं सांगितल्यापासून आजींनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या.

"लव्हनेस! तुझा धनी जाऊन बाराशे पंच्याऐंशी दिवस झाले. तोही तिकडे मोजतोय, पोरी. वाट पाहतोय!"

तिच्या अंगावर काटा आला. हात जोडावेत असं फार वाटलं. पण दवाखान्यातल्या तक्त्याच्या एका कोपऱ्यात तिनं एक सूत्र घालून ठेवलं होतं, आजच्या तारखेतून नवरा गेला ती तारीख वजा. सकाळी तिथं अकराशे सदतीस होते.

एकशे अठ्ठेचाळीस दिवस जास्त. मार्चच्या आठपासून ऑगस्टच्या तीनपर्यंत. चिठ्ठीवर तिनं लिहिलं होतं: ०३/०८/२०२१.

ती उठली.

"पापा, माझा नवरा आठ मार्चला गेला नाही. तीन ऑगस्टला गेला. तुमचा संगणक आधी महिना वाचतो, मग दिवस. आमच्याकडेही असं व्हायचं, पोरांच्या लसीची तारीख चुकीची यायची."

"सैतान बोलतोय!" पापा ओरडले.

"मग बघाच की! बाराच्या पुढची तारीख महिना म्हणून चालत नाही. संगणक अडतो आणि टाइप करणारा ती दुरुस्त करतो. एक ते बारा तारखेवाल्यांनी आपापला आकडा तपासा!"

फोन निघाले. "माझा चुकलाय!" "माझाही, दोन महिन्यांनी!" ट्रकवाल्यानंच व्यासपीठामागचा पडदा ओढला. तिथं एक माणूस लॅपटॉप आणि माईक घेऊन चिठ्ठ्यांच्या ढिगाऱ्यात बसला होता.

पापा पळाले. लोक मात्र आपला दिलासा गेला म्हणून लव्हनेसवरच चिडले. वाटेत कुणी तिच्याशी बोललं नाही.

फक्त आजी सोबत होत्या. "मग माझे चार हजार दिवस?"

"ते कुणालाच माहीत नाहीत, आजी. झालेले दिवस यंत्र मोजतं, उरलेले कुणी मोजू शकत नाही. आजपासून गोळ्या सुरू करा."

चार पावलं चालून आजी म्हणाल्या, "तो वाट पाहतोय, हे खरं असायला तुला नको होतं का गं?"

"हवं होतं," लव्हनेस म्हणाली. "फार हवं होतं. म्हणूनच तपासलं. जे खरं असावं असं जिवापासून वाटतं ना आजी, तिथंच आपण फसतो. ते आधी तपासायचं."